शिक्षणाचा पडता : फी माफ झाली, खोलीचे काय?

कापडाच्या धंद्यात नव्या मुलाला पहिला धडा पडत्याचा दिला जातो. सुरत किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव हा मालाचा खरा भाव नसतो. त्यात ट्रान्सपोर्ट, हमाली, दलाली, टॅक्स आणि वाटेतली घट मिळवली, म्हणजे दुकानात येऊन माल कितीला पडला ते कळते. ज्याला पडता काढता येत नाही, तो विक्री करूनही घाट्यात जातो.

हा हिसाब आपण थानाचा करतो, साखरेचा करतो, लोखंडाचा करतो. परंतु मुलांच्या उच्च शिक्षणाचा पडता आपल्यापैकी किती जण काढतात? आपण फक्त फी विचारतो. खोली, खाणावळ, डिपॉझिट या बाबी मुलगा शहरात पोहोचल्यावर समोर येतात आणि तेव्हा मागे फिरायला वेळ नसतो.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हा विषय घेतला. आमच्या दुकानाचे शिलाईचे काम करणारे एक टेलर मास्टर आहेत. त्यांची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि २०२४ च्या पावसाळ्यात तिला पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली. मास्टर विचारायला आले, "भाई, झेपेल का?" त्याच जुलैमध्ये राज्य सरकारचा निर्णय आला होता. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील ज्या मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल, त्यांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मास्टरांची बिरादरी ओबीसीच्या यादीत आहे. मी मोठ्या खात्रीने सांगितले, "मास्टर, फी माफ आहे, फिक्र करू नका." खोलीचे मी विचारलेच नाही.

पंधरा दिवसांनी ते परत आले. खोलीवाल्याला दोन महिन्यांचे डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे भाडे आणि दलाली एकदम हवी होती. दिवस पोळ्याच्या आधीचे होते. लग्नसराई संपलेली, शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्यात गेलेला, शिलाईचे काम थंड आणि माझी स्वतःची उधारी गावोगाव अडकलेली. थोडी रक्कम मी काढून दिली, पण ती पुरणारी नव्हती, आणि पुढच्या महिन्यांचे काय हा सवाल उरलाच. प्रवेश पक्का करण्याची तारीख निघून गेली. मुलीने अमरावतीला बी.एस्सी.ला नाव घातले. आज ती चांदूरहून अप-डाऊन करते आणि चांगली शिकते. मात्र जी जागा तिने मेहनतीने मिळवली होती ती गेली, आणि ती फीमुळे गेली नाही.

जागा कागदावर वाढतात

खोलीचे भाडे का चढते हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गिऱ्हाईक वाढले आणि माल तेवढाच राहिला की भाव चढतो. येथे गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी आणि माल म्हणजे कॉलेजजवळची खाट.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. १९६४ मध्ये अमरावतीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि राज्यभर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजे निघू लागली. त्याच वर्षी बडनेऱ्याला असे कॉलेज सुरू झाले आणि त्याच वर्षी १ मे रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. १९८४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे मेडिकल कॉलेज आले. विद्यापीठाच्या हद्दीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. म्हणजे दोनच वर्षांत शहराच्या अंगावर नव्या विद्यार्थ्यांचा मोठा भार आला. व्हीएमव्ही, कठोरा नाका, गाडगेनगर या भागांत घराघरांवर "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्या आणि अनेक कुटुंबांचा तो जोडधंदा झाला.

२०१० नंतरच्या दशकात उलटे चित्र दिसले. इंजिनिअरिंगच्या हजारो जागा राज्यात रिकाम्या राहिल्या, काही कॉलेजे बंद पडली. नंतर कॉम्प्युटरच्या शाखांना पुन्हा मागणी आली. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या कॉलेजांसाठी शाखेमागे जागांची जी कमाल मर्यादा होती ती काढून टाकली. त्यामुळे नावाजलेल्या कॉलेजाला एका शाखेत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मुले घेता येतात. अशी कॉलेजे पुण्यासारख्या शहरात गोळा झालेली आहेत. तेथे सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षेची मुले आधीच कॉट बेसिसवर राहतात. लहान गावात बाके रिकामी आणि मोठ्या शहरात खाट मिळेना, असा हा मामला आहे.

कॉलेजने साठ जागा वाढवायच्या तर प्रस्ताव, तपासणी आणि मंजुरी एवढे काम एका हंगामात होते. साठ खाटांची इमारत मात्र एका हंगामात उभी राहत नाही. जमीन, नकाशा, परवानगी, बांधकाम यात वर्षे जातात. ईदला माल कमी पडला तर आपण सुरतला फोन करून दोन दिवसांत गाठोडी मागवतो. खोल्या ट्रकमध्ये घालून मागवता येत नाहीत. त्यात सगळे गिऱ्हाईक जुलै-ऑगस्टच्या त्याच चार आठवड्यांत येते, अनोळखी असते आणि घाईत असते. असे गिऱ्हाईक भाव करू शकत नाही, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको.

हिसाब मांडून पाहू

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या शहराचा भाव विचारून ते बदलावेत.

समजा, एका खाटेचे भाडे महिना ४,००० रुपये आहे. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे वर्षाचे ४४,००० झाले. मेस महिना ३,५००, दहा महिन्यांचे ३५,०००. डिपॉझिट दोन महिन्यांचे ८,०००. दलाली एका महिन्याची ४,०००. येण्या-जाण्याचे ५,०००. पहिल्या वर्षाची बेरीज ९६,००० रुपये होते. डिपॉझिट पुढे परत मिळेल, पण आज ते खिशातून जाणारच. ज्याची फी शून्य आहे त्याचाही पडता लाखाला टेकला.

यातील पहिल्या दिवशी लागणारी रक्कम वेगळी काढा : डिपॉझिट ८,०००, भाडे ४,०००, दलाली ४,००० आणि मेसचे ३,५००, एकूण १९,५००. मास्टरांचे गाडे याच रकमेवर अडले. वर्षाचा खर्च महिन्या-महिन्याने ओढता येतो. हे साडेएकोणीस हजार मात्र आपल्या वऱ्हाडात सर्वांत कडकीच्या दिवसांत लागतात. आपला पैसा सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास हातात येतो. शहराचा खोलीवाला दिवाळीची वाट पाहत नाही.

आता भाडे महिन्याला एक हजाराने चढले असे धरा. वर्षाला ११,००० आणि चार वर्षांत ४४,००० वाढले. ही वाढ पेलायची वेळ येते तेव्हा घरात काय होते ते आपण सर्व जाणतो. मुलगा असेल तर कर्ज काढून पाठवतात, मुलगी असेल तर "गावातच शीक" म्हणतात. म्हणून वाढलेल्या भाड्याची पहिली मार आपल्या मुलींना बसते, आणि ती कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही.

दुसरी मार कारागिराला बसते. एका खोलीत तीन विद्यार्थी ठेवले तर मालकाला १२,००० मिळतात. तीच खोली एखाद्या शिलाईवाल्याला किंवा फिटरला कुटुंबासाठी हवी असेल तर तो एवढे देऊ शकत नाही. हळूहळू कॉलेजजवळच्या मोहल्ल्यातून कारागीर बाहेर सरकतो आणि त्याचे गिऱ्हाईक मागे राहते.

तिसरी मार आपल्या बाजारावर पडते. तालुक्यातून जेवढी मुले बाहेर शिकतात, तेवढ्या घरांचा पैसा दर महिन्याला शहराच्या खोलीत जातो. दिवाळी-ईदला त्या घरची खरेदी घटते. म्हणून हा विषय फक्त पालकांचा नाही, व्यापाऱ्याचाही आहे.

भाव बांधून द्यावा काय?

पुष्कळ लोक म्हणतात, सरकारने भाडे ठरवून द्यावे. या बाबतीत आपल्या दीनमध्ये स्पष्ट रहनुमाई आहे. मदीनेत एकदा भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही, कारण कोणावर जुलूम झाल्याचा दावा आपल्यावर राहू नये अशी त्यांची फिक्र होती. पुढे इमाम इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी या प्रश्नाची फोड केली. माल घटला किंवा माणसे वाढली आणि लोक रीतसर व्यवहार करीत असताना भाव चढला, तर विकणाऱ्यावर जबरदस्ती करणे जुलूम आहे. मात्र लोकांची निकड पाहून कोणी माल दाबून ठेवला किंवा संगनमत केले, तर तेथे हुकूमतीने दखल घेणे रास्त आहे.

खोलीचा मामला या तराजूत तोलून पाहा. विद्यार्थी वाढल्याने भाडे चढले तर मालकाला शिव्या देऊन उपयोग नाही, खाटा वाढवणे हाच त्यावर उपाय आहे. पण दोन-तीन दलालांनी मिळून भाग वाटून घेतले, खोल्या मुद्दाम अडकवून ठेवल्या, किंवा बाहेरगावचा मुलगा म्हणून डिपॉझिट बुडवले, तर ती तिजारत नाही.

हुकूमतीची जिम्मेदारीही येथेच येते. जागा वाढवण्याची परवानगी देताना "खाटा कुठे आहेत?" हा सवाल विचारला पाहिजे. कॅनडासारख्या श्रीमंत देशावरही ही वेळ आली. परदेशी विद्यार्थी एवढे वाढले की घरांची टंचाई झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथील सरकारने नव्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. आधी मुले बोलावली आणि नंतर घरे मोजली, याचा भुर्दंड तेथे जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांनाही पडला.

खोली देणाऱ्या बंधूंसाठी

आपल्या समाजातील अनेकांनी शहरात खोल्या काढल्या आहेत. हा हलाल धंदा आहे. त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) करार लेखी आणि नोंदणीकृत करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो आणि ती जिम्मेदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. शिवाय कर्जाचा किंवा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिलेली आहे, तेव्हा लिखापढीत आपण मागे असता कामा नये.

२) डिपॉझिट ही दुसऱ्याची रक्कम आहे. कशाबद्दल किती कापले जाईल हे आधीच लिहून द्यावे, प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि खोली सुटताच बाकी परत करावी.

३) मुंबईकडे 'हेवी डिपॉझिट'ची रीत आहे. मोठी रक्कम घ्यायची, भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवायचे आणि शेवटी रक्कम जशीच्या तशी परत करायची. अनेक उलमांच्या मते ही रक्कम कर्ज ठरते आणि फुकटचे राहणे हा त्या कर्जावरचा फायदा होतो, म्हणून ते सूदच्या जवळ जाते. या वाटेला जाण्यापूर्वी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे.

४) टॅक्सची माहिती ठेवावी. जुलै २०२४ मधील निर्णयाप्रमाणे माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या राहण्यावर जीएसटी माफ आहे. विद्यार्थ्यांच्या साध्या खोल्या यात येतात.

५) व्याजी कर्ज काढून मोठे होस्टेल बांधू नये. दीनचा हुकूम तर आहेच, धंद्याचा हिसाबही तेच सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजे बंद झाली आणि खोल्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. राजस्थानातील कोटा शहरात कोचिंगच्या भरवशावर हजारो खोल्या उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये मुले मोठ्या संख्येने घटली आणि भाडी उतरली. भाडे उतरले तरी बँकेचा हप्ता उतरत नाही.

पालकांसाठी

१) प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी ज्या शहराचे नाव लिहायचे तेथील खाट आणि मेसचा भाव विचारून पडता काढावा. हे काम मे महिन्यात करावे. तेथे शिकणारे गावचे एखादे मूल असतेच, त्याला विचारावे. कॉलेजच्या होस्टेलमध्ये किती खाटा आहेत आणि पहिल्या वर्षाच्या किती मुलांना मिळतात, हेही विचारावे.

२) पहिल्या दिवसाची रक्कम आदल्या दिवाळीला बाजूला काढून ठेवावी. मूल अकरावीत असतानाच सुरुवात केली तर दोन दिवाळ्या मिळतात आणि ओझे निम्मे होते.

३) अप-डाऊनचा विचार जरूर करावा. चांदूरहून बडनेरा आणि पुढे अमरावती रेल्वेने करता येते, एसटीही आहे. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत शिक्षणासाठी मोफत मिळतो. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत आहे. मात्र गाडीची वेळ आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलची वेळ जुळते का ते आधी पाहावे, नाहीतर पास स्वस्त आणि हजेरी महाग अशी गत होते.

४) सरकारी निर्वाह भत्त्याची चौकशी करावी. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी होस्टेलमध्ये जागा न मिळालेल्या मुलांना त्यात मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि अमरावतीसारख्या विभागीय ठिकाणी ५१,००० रुपये ठरवले गेले. जिल्ह्यागणिक संख्या मर्यादित असते, म्हणून गुण आणि कागदपत्रे दोन्ही वेळेवर लागतात. पिंजारी, मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरीही जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला वेळेत न काढल्याने आपली मुले मागे राहतात. दाखल्याची फाईल दहावीलाच तयार ठेवावी.

मिळून केले तर

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा उपाय एकट्याने होणारा नाही.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला होता. खेड्यातला मुलगा शाळेची फी नसल्याने नव्हे, तर शहरात राहायला जागा नसल्याने मागे राहतो, हे पाहून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे काढली. १९०६ मध्ये मुस्लिम समाजासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. महाराजांनी तिला स्वतः पुढाकार, जागा आणि पैसा दिला आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात विलायतेहून शिकून आले आणि त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. आपले विद्यापीठ आज ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा बांधल्या. परगावी गेलेल्या गरिबाची पहिली अडचण छपराची असते, हे या माणसांनी जाणले होते.

आपल्याला लगेच इमारत बांधायची नाही. एका तालुक्यातील दहा पालकांनी मिळून शहरात एक घर वर्षाच्या कराराने घ्यावे, एक स्वयंपाकी ठेवावा. खाट दहा महिन्यांऐवजी वर्षभराची घेतली तर मालकही भाव कमी करतो, दलाली एकदाच लागते आणि डिपॉझिट घरावर राहते. एक मुलगा शिकून गेला की त्याच्या जागी दुसरा येतो आणि त्याच डिपॉझिटवर राहतो. मुलींसाठी वेगळे घर आणि जबाबदार वॉर्डन बाई असली, तर आई-वडिलांची जी दुसरी फिक्र असते तीही दूर होते.

पैशाबाबत एक मसला लक्षात ठेवावा. हनफी उलमांच्या मते जकातीची रक्कम हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, म्हणून ती इमारतीच्या बांधकामात किंवा घराच्या डिपॉझिटमध्ये लावता येत नाही. हकदार विद्यार्थ्याच्या हातात ती द्यावी, मग त्याने त्यातून भाडे भरावे. डिपॉझिट आणि सामानासाठी इमदादी रक्कम वेगळी जमवावी आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात.

मास्टरांची धाकटी मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या दिवाळीपासून शिलाईच्या हिसाबातून दर महिन्याला थोडी रक्कम ते माझ्याकडे अमानत म्हणून ठेवतात. वहीत मी त्या खात्याला "खोली" असे नाव दिले आहे. यावेळी ते फी विचारायला येतील तेव्हा मी पूर्ण पडता सांगेन.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.